छत्रीचे हक्क अबाधित

आमच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे चष्मेवालेच म्हणतात, त्यांनी एक चित्रपट कायमचा विकत घेतला होता. चित्रपट अगदी टुकार होता. त्यात कोण कुणाचा सूड घेतं आणि कशासाठी, हे चष्मेवाल्यांना आजतागायत माहीत नाही. त्यांना त्यातला एकच प्रसंग हवा होता. खूप वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानासमोर शूटिंग झालं होतं. गर्दीत बायका कमी पडल्या म्हणून त्यांच्या बायकोच्या हातात छत्री देऊन तिला रस्ता ओलांडायला लावलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. तिने बघितलं आणि खुदकन हसली, कारण कॅमेऱ्यामागे चष्मेवाले उभे होते. एरवी फोटो काढताना ती दाढ दुखत असल्यासारखी बसायची. ती गेल्यावर तिचं हसू तेवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक राहिलं.

पूर्वी त्यांच्याकडे या चित्रपटाची डिस्क होती. पण मुलगा आधुनिक विचारांचा. "बाबा, डिस्कवर धूळ बसते, ओरखडे पडतात. डिजिटल घेऊन टाकू, कायमची कटकट मिटेल," असं म्हणून त्याने चित्रपट टीव्हीवर विकत घेतला आणि घरातल्या सगळ्या डिस्क दोऱ्याला बांधून कबुतरं हुसकायला बाल्कनीत लटकवल्या. कबुतरं गेली नाहीत. डिस्क मात्र गेल्या.

मग एका रविवारी दुपारी चष्मेवाल्यांनी नेहमीप्रमाणे चित्रपट लावला. रस्ता आला, छत्री आली. छत्रीखाली कोणी नव्हतं. छत्री एकटीच, मोठ्या डौलात, इकडून तिकडे गेली. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मुलाला चष्मा नव्हता, त्यालाही छत्रीच दिसली.

कंपनीच्या नियमानुसार तक्रार चेहऱ्यासह, कॅमेऱ्यासमोर बसूनच करावी लागे. त्याआधी अटींचं लांबलचक पान आलं. गिऱ्हाइकाला सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या चष्मेवाल्यांनी एकही ओळ न वाचता 'मान्य आहे' दाबलं. पडद्यावर कंपनीचा समाधान अधिकारी प्रकटला. 

"सर, आपला चित्रपट अद्ययावत झाला आहे," तो म्हणाला. "गर्दीतल्या व्यक्तींचे हक्क संपुष्टात आले, म्हणून व्यक्ती काढून घेतल्या."

"अहो, ती व्यक्ती माझी बायको आहे!"

"आमच्याकडे त्यांची नोंद 'गर्दी, किरकोळ' अशी आहे."

"मग छत्री कशी राहिली?"

"छत्री निर्मात्यांची होती, सर. छत्रीचे हक्क अबाधित आहेत."

"पण मी हा चित्रपट विकत घेतलाय!"

"नक्कीच. विकत घेणे म्हणजे चित्रपट जसा असेल तसा, जोवर असेल तोवर, पाहण्याची मुभा मिळणे. तरीही आम्हाला आपल्या भावनांचा आदर आहे. छत्रीखाली दुसऱ्या कोणी बाई चालतील का? हसऱ्या बऱ्याच आहेत."

चष्मेवाल्यांचा तोल सुटला. "दुसरी कशाला? मला माझ्या घरचंच माणूस हवंय!" ते थरथरत ओरडले. अधिकाऱ्याने ते शब्दशः टिपून घेतलं आणि आभार मानले.

आता उरला मेहुणा. बायकोच्या या धाकट्या भावाकडे चित्रपटांच्या डिस्कचा नावाजलेला संग्रह होता. त्यासाठी एक स्वतंत्र खोली होती. खिडक्या कायम बंद, हातात मोजे घातल्याशिवाय प्रवेश नाही, भिंतीवर हवेतला ओलावा मोजणारं यंत्र. एकाही डिस्कचं सील फोडलेलं नव्हतं, कारण फोडलं की किंमत उतरते. मोह नको म्हणून त्याने घरात टीव्हीसुद्धा ठेवला नव्हता. हा चित्रपटही होता, संग्राहकांसाठीची खास आवृत्ती.

"भावोजी, लांबून बघा," मेहुणा म्हणाला.

"अरे, तुझी सख्खी बहीण आहे आत!"

"म्हणूनच फोडलं नाही. तुम्ही ताईला बघून बघून झिजवलीत. मी जपली."

चष्मेवाल्यांना रडू कोसळलं. ती गेल्यापासून ते कुणासमोर रडले नव्हते.

"रडायचं तर बाहेर जाऊन रडा! ओलावा वाढतोय!" मेहुणा किंचाळला. पण उशीर झाला होता. यंत्र कोकलू लागलं. मेहुण्याने भिंगातून खोका तपासला. वेष्टनाच्या आत, कोपऱ्यात, वाफेचा एक ठिपका धरला होता. 

"संपलं," तो मटकन खाली बसला. "किंमत शून्य झाली. आता फोडा, नाहीतर काय वाटेल ते करा."

बहीण गेली तेव्हाही तो एवढा खचला नव्हता.

तिघं चष्मेवाल्यांच्या घरी जमले. वेष्टन फाडलं. आत गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती, नायकाचं चित्र होतं, अस्सलपणाचं प्रमाणपत्र होतं. डिस्कच्या जागी एक चिठ्ठी होती: 'डिस्कवर धूळ बसते, ओरखडे पडतात. म्हणून ती दिलेली नाही. सोबतचा क्रमांक आपल्या टीव्हीवर टाकावा.'

मुलाने क्रमांक टाकला. पडद्यावर अक्षरं आली: 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' मग रस्ता आला, छत्री आली, आणि छत्रीखाली माणूसही आलं. घरचंच होतं. टकलासकट चष्मेवाले रस्ता ओलांडत होते. चेहरा तक्रारीच्या वेळचाच, थरथरणारा. आवाज तेवढा बंद केला होता. तक्रारीसाठी दिलेला चेहरा अटींनुसार कंपनीच्या मालकीचा झाला होता, आणि ती मालकी मात्र खरोखरच कायमची होती.

"बाबा, सिनेमात गेलात की!" मुलगा म्हणाला.

"ही आवृत्ती दुर्मीळ होणार, भावोजी," मेहुण्याच्या जिवात जीव आला. "खोक्यावर सही करता का?"

चष्मेवाले उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. आतले चष्मेवाले बाहेर बघत होते, बाहेरचे आत बघत होते. दोघांनाही ती दिसत नव्हती.

त्या रस्त्यावर आता पुन्हा दाट गर्दी झाली आहे. हक्क संपलेल्यांच्या जागी कंपनीने हक्क देऊन बसलेली माणसं भरली आहेत. चित्रपट सध्या सवलतीत मिळतो, एकदा बघाच. छत्री निघून गेल्यावर फळांच्या गाडीमागे कोणीतरी हातातल्या फोनवर अटींचं पान अंगठ्याने भराभर खाली ढकलत उभं असलेलं दिसेल. ते तुम्ही आहात. वाचत नाही आहात, हेही स्वच्छ दिसतं.