पाच वॅटांचा दुखवटा

स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा, हे कोलंबियातल्या आमच्या बारांक्विला शहरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! आयुष्यभर फ्रिज दुरुस्त केलेत. विजेशी माझी घरगुती ओळख आहे.

माझी बायको नासिरा गेल्यापासून घरात गाणं नव्हतं. आमच्याकडे वर्षभर दुखवटा असतो आणि तो पाळला जातोय की नाही, हे शेजारी कानांनी तपासतात. समोरच्या घरात तिची थोरली बहीण, लुदीसताई, अजून काळे कपडे घालून बसलेली. वर्ष भरल्यावरची चर्चमधली प्रार्थना झाल्याशिवाय रेडिओलाही हात लावायचा नाही, असं तिनं मला बजावलं होतं.

पण माझी एक अडचण होती. नासिरा तिच्या आवडत्या गाण्यात एका जागी हटकून टाळी द्यायची, तीही ठेका चुकवून. ती जागा मला आठवेनाशी झाली होती. गाणं एकदा ऐकलं असतं, तर सापडली असती. तिचे स्पीकर होते, पण जुना अ‍ॅम्प्लिफायर जळालेला.

मी एवेरच्या दुकानात गेलो. हा गल्लीतल्या नाचांसाठी पिको बांधतो. पिको म्हणजे कपाटाएवढे रंगवलेले स्पीकर, त्यामुळे त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण सगळ्यात जास्त वॅट मागतो. मी सगळ्यात कमी मागितले. मला डॉक्टरकडे पाठवायला हवं, अशा नजरेनं त्यानं पाहिलं.

"काका, स्पीकर कुठले आहेत? आळशी स्पीकर पन्नास वॅट खाऊन झोपतो, हौशी एका वॅटात बोंबलतो."

"माझे घरातले आहेत, सभ्य आहेत," मी म्हणालो आणि जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, पाच वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर उचलला. पाच वॅट! आमच्या न्हाणीघरातला दिवा याहून जास्त खातो.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून गेली होती. ते स्पीकर सासऱ्यांनी लग्नात दिलेले, आणि सासऱ्यांनी आतले भोंगे काढले होते स्वतःच्या मोडलेल्या पिकोतून. म्हणजे एवेरच्या भाषेत, हौशी.

रविवारी दुपारी खिडक्या लावल्या. व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल झाले. आवाजाचं बटण पहिल्या रेघेवर ठेवून मी तबकडीवर सुई टेकवली. पहिल्याच ट्रम्पेटला भिंतीवरची नासिराची तसबीर तिरकी झाली! कपाटातल्या बश्या नाचू लागल्या. बटण खाली करायला धावलो, तर खाली जागाच नव्हती.

सुई उचलणार, तोच शेजारची मिरेया खुर्ची घेऊन दारात हजर. दुखवटा संपला तर आधी सांगायचं नाही का, म्हणाली. तिच्यामागे तिची विधवा मावसबहीण, ओठ रंगवून. दोघींच्या मागे गल्ली. कुणी बर्फ आणला, कुणी रम, कुणी फुटपाथवर चूल मांडून सूप चढवलं. मावसबहिणीनं मला फ्रिज दुरुस्त करता का, असं विचारलं. तिचा फ्रिज नवा होता. आता सुई उचलणं शक्यच नव्हतं. लोक नाचत असताना सुई उचलणाऱ्याला आमच्याकडे कुणी बारशालाही बोलावत नाही.

आणि मग लुदीसताई निघाली. काळ्या कपड्यात, रस्ता ओलांडून. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"ताई, फक्त पाच वॅट आहेत," मी म्हणालो.

तिनं स्पीकरवर हात ठेवला. "बाबांचे भोंगे आहेत हे."

"मला वाटलं, हळू वाजेल."

"भावोजी, नासिरानं हे गाणं इतक्या हळू कधी ऐकलंय?"

आणि तिनं बटण आणखी वर फिरवलं.

गाणं पुढे गेलं आणि एका जागी सगळ्या गल्लीनं टाळी दिली. सगळ्यांनी, ठेका चुकवून! मिरेयानं दिली, सूप ढवळणाऱ्यानं पळी टाकून टाळी दिली, ताईनं दिली. इतकी वर्षं खिडकीतून ऐकून ती टाळी त्यांना पाठ झाली होती. जागा विसरलेला मी एकटाच, आणि त्या सगळ्यांनी ती माझ्यासाठी सांभाळून ठेवलेली. त्यांचे आभार कसे मानायचे ते कळेना, म्हणून मी सगळ्यांना सूप वाढत सुटलो.

आता दर रविवारी ते गाणं लावतो. परवा चर्चचे फादर आले. चर्च चार गल्ल्या पलीकडे आहे. प्रार्थनेच्या वेळी जरा हळू लावा, म्हणाले.

मी त्यांना बटण दाखवलं. "फादर, याहून हळू लागत नाही हो."