टाकळकर सरांची हजेरी

टाकळकर सर वर्गात आले की नावं पुकारायच्या आधी एक प्रश्न विचारायचे, "काल कोण कोण भ्यालं?" आणि कुणाचा हात वर यायच्या आत स्वतःचाच हात वर करायचे.

"मी भ्यालो," असं म्हणून ते आपल्या भीतीचा तपशील देत. न्हाणीत पाल होती. शेजारच्यांच्या कुकरनं एकदम शिट्टी मारली. प्राचार्यांनी 'जरा भेटून जा' असा निरोप धाडला आणि का ते सांगितलं नाही. पोरं पोट धरून हसायची. मग मागच्या बाकावरून एखादा हात वर यायचा. "सर, मेसचं वरण बघून भ्यालो." "सर, गणिताच्या पेपरची लय भीती वाटायलीय, झोप न्हाई." सर दोघांकडंही सारख्याच गंभीरपणे बघत. "भ्यायचं. भ्यायला हरकत न्हाई. लपवायचं मात्र न्हाई," म्हणायचे आणि फळ्याकडं वळून पदार्थविज्ञान सुरू करायचे.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. परभणीत आमच्या खोल्या एकाच ओळीत, भिंतीला भिंत लागून होत्या. त्यामुळं सरांच्या भीत्या मला वर्गातल्या पोरांपेक्षा आधी कळत. त्यांच्याकडं सायकल होती, पण ते तिच्यावर कधी बसले नाहीत. हँडल धरून तिला शेजारून चालवत न्यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पडायची भीती वाटती."

"मग घेतली कशाला?"

"एकट्यानं चालायची बी वाटती ना."

सरांचं संशोधन चुंबकाचं होतं. लोखंडाचा गंज, जस्ताची भुकटी आणि आणखी कसली तरी राखाडी पूड ते काळ्या खलात तासन् तास घोटत बसायचे. मग त्याची गोळी दाबायची, ती भट्टीत घालायची, आणि लाईट जाऊ नये म्हणून देवाचा धावा करायचा. लाईट जायचीच. अर्धी भाजलेली गोळी तडकायची. सर ती तळहातावर घेऊन घरातलं माणूस गेल्यासारखे बघत राहायचे. कॉलेजात त्यांना 'वैद्यबुवा' म्हणत. त्यांच्या प्रयोगशाळेत जाताना किल्ल्या, घड्याळ, अगदी शर्टाची टाचणीसुद्धा दाराबाहेर ठेवावी लागे. आमच्या प्राचार्यांच्या धोतराला लोखंडी बकल असलेला पट्टा होता. ते त्या प्रयोगशाळेत कधीच गेले नाहीत.

या माणसानं तरुणपणी हैदराबादला सगळं कागदावरचं पदार्थविज्ञान केलं होतं, नुसतं गणित, हात न लावता. ते का सोडलं, असं विचारलं की म्हणायचे, "खल बरा. हात गुंतून राहतेत."

मग नामांतराचे दिवस आले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून मराठवाडा पेटला. पेटला हे मी मराठीच्या मास्तरासारखं बोलत नाही. गावोगावी गावकुसाबाहेरच्या वस्त्या खरोखरच पेटवल्या जात होत्या. बसवर दगड पडत होते. कॉलेज बंद झालं. आम्ही खिडक्या लावून घरात बसत होतो आणि रस्त्यावर पावलं वाजली की बोलणं थांबवत होतो. शेजारच्या खोलीतून खलाचा आवाज दिवसभर यायचा. तो थांबला की मला जास्त धास्ती वाटायची.

एकदा चौकात चार-पाच जणांनी सरांना अडवलं. मी बरोबर होतो.

"सर, तुमी कोणच्या बाजूचे?"

सरांनी सायकलचं हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं. "मला दोन्ही बाजूंची भीती वाटती," ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो. पण ते पुढं बोलले, "घरं जाळणारांची जास्त."

एकानं सायकलच्या चाकाला लाथ घातली आणि ते गेले. सर रस्त्यातच खाली बसले. त्यांना उठवायला मला बराच वेळ लागला.

कॉलेज उघडलं तेव्हा वर्ग अर्धे होते. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हणे सगळ्यांचे हात वर आले आणि कुणी हसलं नाही.

त्या दिवशी तास संपल्यावर प्रकाश नावाचा विद्यार्थी सरांकडं आला. ताडकळसच्या पुढच्या एका गावातला. गावाचं नाव मी लिहीत नाही, ती माणसं अजून तिथं आहेत. वस्तीतलं प्रकाशचं घर जळालं होतं. आई-बापाला घेऊन तो परभणीत मावशीकडं राहत होता. सरांना वाटलं, पोरगं काही मागायला आलंय.

"सर, माझं सांगायला आलो न्हाई," प्रकाश म्हणाला. "वसंताकडं कुणीतरी बघा. बोलंना झालाय. जेवंना झालाय. मळ्यातल्या हिरीकडं सारखा जायलाय म्हणतेत."

वसंता प्रकाशच्याच गावचा, पण गावातला. चांगल्या जमीनदार घरचा. प्रयोगाच्या टेबलावर दोघं तीन वर्षं जोडीनं काम करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात उभे. धुतलेला शर्ट, पायात बूट. "मला त्या गावाला जायचंय," म्हणाले. "एकट्यानं जायची हिंमत न्हाई. तुमी येता?"

खरं सांगतो, मलाही जायची हिंमत नव्हती. पण त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना.

बसमध्ये जेमतेम सात-आठ माणसं होती. खिडकीची काच फुटलेली, सीटवर अजून चुरा. ड्रायव्हर एका फाट्यावर थांबला, खाली उतरला, पुढं रस्ता बघून आला आणि मग गाडी हलवली. रस्त्याच्या कडेला झाड तोडून ओढून ठेवलेलं. ताडकळसला पोलीस बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठं?" सरांनी माझ्याकडं बघितलं. मीच म्हणालो, "विद्यार्थी आजारी आहे." पुढं फाट्यापासून चालत जायचं होतं. त्या वाटेवर सरांनी माझी बाही धरली, ती गावात शिरेपर्यंत सोडली नाही.

गावाच्या तोंडाशी वस्ती होती. काळ्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. एका भिंतीला अजून खुंटी होती आणि खुंटीला काही नव्हतं. पाऊस होऊन गेला होता तरी जळका वास गेला नव्हता. पारावरची माणसं आमच्याकडं बघत होती. एकानंही राम राम केला नाही.

वसंताचे वडील मारोतराव दारातच भेटले. थोराड, खाली बघणारा माणूस. "पोराला बाहेरचं झालंय, सर," ते हळूच म्हणाले. "पोखर्णीला नरसिंहाच्या पायावर घालून आनलं. फरक न्हाई."

त्यांच्या मागं धाकटा भाऊ उभा होता, वसंताचा काका. हाताची घडी घातलेला. "मास्तर," तो म्हणाला, "पोरगं तुमाला काय बोललंय का? कुनाबद्दल?"

त्या एका प्रश्नात वसंताच्या गप्प बसण्याचं कारण मला कळलं. त्या दोघांच्या मागं अंगणात रॉकेलचा डबा पडलेला होता. प्रत्येक घरात असतो तसाच साधा डबा. पण मला त्याच्यावरून नजर काढता येईना.

सर थरथर कापत होते, सगळ्यांना दिसेल इतके. "मला काय बोलला न्हाई," ते म्हणाले. "अन् मी लय भित्रा माणूस आहे. मला कुणाचं काय कळलं तर मी इथंच पडंन. मला फक्त पोराला बघू द्या."

काका हसला. घाबरट मास्तर पाहून त्याला बरं वाटलं असावं. त्यानं वाट सोडली.

वसंता माजघरात भिंतीकडं तोंड करून पडला होता. गालफाडं बसलेली, गळ्यात ताईत, कपाळाला अंगारा. सर त्याच्या अंथरुणाजवळ जमिनीवरच बसले. "वसंता, मी टाकळकर. येताना लय भ्यालो बघ. पोलिसाला भ्यालो. पारावरच्या माणसांना भ्यालो. तुझ्या काकाला तर..." असं म्हणून त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली केला, "अजून भ्यायलोय."

वसंता हलला नाही. हात वगैरे काही वर आला नाही.

मग सर जे बोलले ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दाराशी उभे असलेले मारोतरावही ऐकत होते.

"तुझ्या वयाचा असताना मी हैदराबादला होतो. एकच गणित दिवसरात्र करायचो. मग झोप गेली. मग जेवण. मग मला वाटायला लागलं, भिंतीतून माणसं माझं नाव घ्यायलेत. मी कुणाला सांगितलं न्हाई. लाज वाटली. सहा महिने दवाखान्यात होतो. तो तसला दवाखाना, गजांचा. थोरल्या भावानं गावात सांगितलं, आमचा बाळ्या मुंबईला नोकरीला लागला. मला बघायला कुणी आलं न्हाई, वसंता. रोज दुपारी भेटायची घंटा व्हायची. मी हातपाय धुऊन, भांग पाडून बसायचो. घंटा संपली की पडायचो. बाहेरचं काही नसतं रे. आतलंच असतं. अन् औषध असतं त्याला. मी अजून घेतो. एक गोळी माझी भट्टीत असती, एक पोटात. दोन्ही चालू आहेत म्हणून चालू आहे."

हा त्यांचा विनोद होता. कुणी हसलं नाही. पण वसंतानं हळूहळू तोंड फिरवलं. "सर," तो म्हणाला. त्याचा घसा बसलेला होता. "मी बघितलं."

"माहिती आहे," सर म्हणाले. "इथं सांगू नको. चल माझ्यासोबत."

काका आत आला. "कुठं न्यायलाय त्याला? घरची गोष्ट घरात राहू द्या."

मी भिंतीला टेकलो. सरांनी डोळे मिटून घेतले. आणि तोवर खाली बघणारे मारोतराव वर बघून भावाला म्हणाले, "तू मधी बोलू नको. तुझ्यापायी माझं पोरगं जायलंय. हो बाजूला."

तो बाजूला झाला. मारोतराव स्वतः फाट्यापर्यंत आले, पोराचं गाठोडं डोक्यावर घेऊन. बस येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं गावाकडं बघितलं नाही.

वसंता वर्षभर सरांच्या खोलीत राहिला. सर त्याला हैदराबादला आपल्याच डॉक्टरांकडं नेत आणत. पुढं एके दिवशी व्हरांड्यात त्यानं प्रकाशला सांगितलं, वस्ती पेटली त्या संध्याकाळी डबा घेऊन कोण गेलं होतं ते. मी माझ्या दारात वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. प्रकाश ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं. तोंडाला फडकं होतं, पन चाल ओळखू आली." खूप वेळानं त्यानं विचारलं, "प्रॅक्टिकल कुठपर्यंत आलंय?" पूर्वीसारखी दोस्ती राहिली नाही. टेबल मात्र दोघांनी बदललं नाही. काकाचं काही झालं नाही. खटला उभा राहिला, साक्षीदार मिळाले नाहीत म्हणे. वसंता साक्ष द्यायला तयार होता, पण त्याला कुणी बोलावलंच नाही.

वसंता झरीच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक झाला आणि काही वर्षांनी त्याचं लग्न ठरलं. मारोतराव पत्रिका घेऊन स्वतः सरांकडं आले. ते गेल्यावर सर माझ्याकडं आले आणि म्हणाले, "लग्नात कुठं बसायचं असतं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. "म्हणजे?"

"आमच्या घरच्या लग्नांना मला बोलवत न्हाईत," ते म्हणाले. "पुतण्यांची झाली, भाचीचं झालं. लोक विचारतेत ना, हा कोण, कुठं असतो. भावाला अवघड होतं."

आम्ही गेलो. प्रकाश आला नाही. त्या गावात पाय ठेवणार नाही म्हणाला, आणि वसंतानं त्याला आग्रह केला नाही. मांडवात सर बँडला दचकले, फटाक्यांना दचकले, एका आडदांड व्याह्याला तर विनाकारण दचकले. मारोतरावांनी त्यांचा हात धरून त्यांना वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसवलं. फेटे बांधणारा आला तेव्हा सर उठून मागं सरकायला लागले. मारोतरावांनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "ह्यो मान तुमचा हाय," म्हणाले. गुलाबी फेटा, मागं कमरेपर्यंत शेमला. सर मान ताठ ठेवून बसले. फेटा पडेल म्हणून जेवतानाही वाकले नाहीत, त्यामुळं बरंच वरण शर्टावर सांडलं.

परतीच्या बसमध्ये मी माझा फेटा सोडून पिशवीत टाकला. सरांनी सोडला नाही. परभणीत उतरल्यावर लोक वळून बघत होते. आमच्या ओळीशी आलो, त्यांनी आपल्या दाराचं कुलूप काढायला किल्ली काढली आणि ती हातातच धरून उभे राहिले.

"वहिनी घरी आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"मग जरा तुमच्याकडं येतो. एकदा बघतील त्या."

माझ्या बायकोनं बघितलं. "अगं बाई! भाऊजी, तुमीच नवरदेव दिसायलात!" म्हणाली आणि चहा ठेवला. चहा झाला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. "गरम होत असंल, द्या मी सोडते," असं म्हणत ती पुढं आली, तशी सरांनी दोन्ही हातांनी फेटा धरला.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "थोडा वेळ."