हवालदार कोंडिबांचे शालीची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न. वाचणारांस आयुष्य उदंड लाभो, ऐकणारांस झोप न येवो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी घडले वर्तमान ऐसे जे, पाणीपट्टी वसूल करणारे एक राज्य होते. राज्य पाण्याचे, परंतु नळांस पाणी एकाआड एक दिवस. तख्ती मोठे साहेब विराजमान, आणि पदरी मोरेश्वरपंत खळदकर म्हणोन कारकून होते. पंतांस युद्धांचा भारी नाद. दुपारी डबे सुटले की चटणीची डबी तो किल्ला, आमटीचा ओघळ ती नदी, आणि पोळ्यांची फौज करोन मेजावर मोर्चे लावीत. मग सहकारी भुकेने व्याकुळ होत्साते विनवीत, "पंत, किल्ला पडला असेल तर चटणी इकडे द्या."

पुढे पंतांचे मनी आले की दरबारी एका वृद्ध सैनिकाचा सत्कार करावा. गावात हवालदार कोंडिबा गुंजाळ होते, तरुणपणी लढाईवर जाऊन आलेले. त्यांस पंतांनी घरी जाऊन आमंत्रण केले. साहेबांनीही रुकार दिला, कारण वर्तमानपत्री तसबीर येणार होती. ठरले दिवशी मंडप दिला, आणि हवालदार पदके लावोन खुर्चीत बैसले, आणि साहेब आपले पराक्रम बोलिले, आणि उपसाहेब साहेबांचे पराक्रम बोलिले, आणि ऊन चढले. मग साहेबांनी पुसिले, "हवालदार, शत्रू किती मारिलेत?" पंतही कान टवकारोन बैसले.

हवालदार म्हणाले, "एकबी न्हाई, साहेब. आमी पूल बांधायचो. वरनं गोळे पडायचे, खाली पाणी बर्फावानी. माझा जोडीदार सखाराम भोईटे तितंच वाहून गेला. त्याची बायको अनुसया याच गावात हाय. तिला कुणी कधी बोलावलं न्हाई. आधी तिला शाल द्या, मग मला."

साहेब म्हणाले, "त्या बाईंचे नाव कार्यक्रमात नाही." आणि तसबीर निघाली होतीच, सबब भोजनास उठले. पंतांचे तोंड उतरले. इतुकी युद्धे लढविली, परंतु नदीत उभा राहणारा माणूस कधी ध्यानीही आला नव्हता, हे मनास फार लागले. मग त्यांनी तबकातील सत्काराची शाल उचलिली, आणि हवालदारांस हात दिला, आणि साहेबांस भोजनास नेणेकारणे जी सरकारी जीप उभी होती तीच घेऊन निघाले. साहेब पायरीवरून "खळदकर! अहो खळदकर!" ऐसे गर्जत राहिले.

अनुसयाबाई अंगणात मिरच्या वाळत घालीत होत्या. पंतांनी सारे सांगोन, मान लववून शाल दिली. बाईंनी ती हाती धरिली आणि हवालदारांस पुसिले, "भावजी, मालक गेले त्यो पूल... पुरा झाला का?"

"झाला, वहिनी. दुसऱ्या दिशी सगळी फौज पार गेली."

बाईंनी शाल खांद्यावर घेतली, डोळे पुसिले आणि म्हणाल्या, "मग उभं का? बसा. च्या टाकते."

पंत बैसले, आणि जन्मात प्रथमच लढाईविषयी चकार शब्द बोलिले नाहीत.

तात्पर्य, तसबीर साहेबांची छापिली, तीत हवालदारांचा अर्धा कान दिसतो. शाल बाईंची जाहली. आणि पंतांची बदली दूर तळ्यावर जाहली. उणे असेल ते पंत सांगतील, अधिक असेल ते साहेब नाकारतील.