टँकर निघाला आहे

मुकुंदराव पैठणकर दाढीला साबण लावून आरशासमोर उभे होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पुण्याहून असेल या आशेने त्यांनी एका गालाचा फेस पुसला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, टँकरवालं का?" एक बाई विचारत होती.

"नाही बाई, राँग नंबर."

"राँग कसा? तुमच्याच फोटोखाली नंबर हाय की. चष्मा हाय, टाय हाय. टँकर निघाला म्हून सांगितलं अन् आजून पत्ता नाय. कुठवर आलाय?"

टाय घातलेला मुकुंदरावांचा फोटो साऱ्या जगात एकाच ठिकाणी होता, आणि तो त्यांनी स्वतःच तिथे लावला होता.

मुकुंदरावांचं उभं आयुष्य गुलमंडीवरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करण्यात गेलं होतं. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी निम्मी लग्नं पुढे ढकलली गेली, जी झाली त्यांच्या पत्रिका फोनवरून फिरल्या, आणि छापखान्याला कुलूप लागलं. पन्नाशी गाठताना माणूस घरी बसला की घरच त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं. तेव्हा लेकीने, स्वरदाने, आपला जुना लॅपटॉप त्यांच्या हवाली केला आणि म्हणाली, "बाबा, वेब डिझाइन शिका. अक्षरांची नजर तुम्हाला आहेच." ते खरोखर शिकले. व्हिडिओ बघत, थांबवत, पुन्हा बघत शिकले आणि एका फुकटच्या ब्लॉगवर त्यांनी आपला पोर्टफोलिओ, म्हणजे काम दाखवणारं पान, उभा केला. त्यात माझ्याविषयी, माझं काम, माझा पत्ता असं सगळं होतं.

अडचण एवढीच, की दाखवायला काम नव्हतं. अजून कोणी दिलंच नव्हतं. म्हणून त्यांनी नमुने केले. एक मिठाईच्या दुकानाचा, एक शाळेचा आणि एक टँकर मागवण्याचा. हा तिसरा त्यांचा जीव की प्राण. पानावर एक कोरडं टिपाड, पाण्याचं पिंप, दिसायचं. आपण नाव लिहिलं की त्यात थोडं पाणी यायचं, गल्लीचं नाव लिहिलं की आणखी थोडं, आणि बटण दाबलं की पाणी काठोकाठ चढून हलकेच हिंदकळायचं. मग त्यावर अक्षरं तरंगत यायची: 'आपला टँकर निघाला आहे.' ते हिंदकळणं जमेपर्यंत त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. जमलं तेव्हा त्यांच्या पत्नी पद्मजाताई रिकामी घागर कमरेवर घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी स्वतः वाकून बटण पुन्हा दाबलं आणि म्हणाल्या, "पाणी छान झालंय हो." नवऱ्याच्या कामाचं असं कौतुक त्यांनी पूर्वी कधी केलेलं मुकुंदरावांना आठवत नव्हतं.

ते राहत त्या पडेगावात पाण्याचं चित्रसुद्धा बघत राहावं असे ते दिवस होते. दौलताबाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडले होते, घरं उठली होती, घरांना नावं लागली होती. नळ मात्र मागेच राहिला होता. आला टँकर तर पाणी, नाहीतर वाट.

पुण्याच्या एका कंपनीला त्यांनी पोर्टफोलिओ पाठवला होता. तिथून मनस्विनी नावाच्या मुलीचा फोनही येऊन गेला होता. "सर, आमचे साहेब या आठवड्यात बघतील. तोपर्यंत पानावर काही बदलू नका हं." त्या आनंदात मुकुंदरावांनी कॉलनीच्या ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं, 'नवीन काम. अभिप्राय कळवावा.'

अभिप्राय कोणी कळवला नाही. सगळ्यांनी ती लिंक पुढे पाठवली. शेजारचे बद्रीनाथ मूळचे सोयगावचे. शेती गावाकडे ठेवून मुलांच्या शिक्षणासाठी इथे घर बांधून राहिलेले. त्यांनी तर वर एक ओळ जोडली, 'टँकरची नवी सोय. सर्वांनी लाभ घ्यावा.' अक्षरं इतकी नेटकी होती आणि पाणी इतकं खरं वाटत होतं, की शंका घ्यायला जागाच नव्हती. आणि टाय लावलेला माणूस खोटं कशाला बोलेल?

त्या दिवशी दाढी अर्धीच राहिली. फोन खाली ठेवला की वाजायचा.

"काढून टाका ते पान," पद्मजाताई म्हणाल्या.

"पुण्याने सांगितलंय, काही बदलू नका. आत्ता काढलं तर संपलंच."

"मग निदान खरं काय ते लिहा तरी."

मुकुंदरावांनी लिहिलं. पानाच्या तळाशी, बारीक, फिकट राखाडी अक्षरांत, 'हा केवळ नमुना आहे.' ठळक लिहिलं असतं तर पानाचा तोल गेला असता. कोणी ते वाचलं नाही.

"'कृपया आहेर आणू नये' असं पत्रिकेत छापायचात ना, तसं छापलंय तुम्ही," पद्मजाताई म्हणाल्या. "तेही कोणी वाचत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या केला. एका ओळीने पुण्याचं काय बिघडणार? त्यांनी 'निघाला आहे' पुसून 'येणार नाही' केलं. आता बटण दाबलं की टिपाड काठोकाठ भरायचं आणि वर तरंगत यायचं, 'आपला टँकर येणार नाही.' यात संशयाला जागा राहिली नाही असं त्यांना वाटलं, आणि खरोखर ती राहिली नाही. कालपर्यंत ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

"नाय म्हणतंय म्हंजे हापिस खरं हाय," बद्रीनाथांनी गल्लीत सांगून टाकलं. "खोटं असतं तर हो म्हणलं असतं."

मग फोनचा सूर बदलला. माझा नाही तर कोणाचा आला? आमच्या गल्लीला नाही आणि मागच्या गल्लीला कसा? वरून कोणाचा फोन लागतो? संध्याकाळी पत्ता शोधत माणसं घरीच आली. पत्ताही मुकुंदरावांनी नकाशासकट दिला होता. बोट लावलं की नकाशा मोठा व्हायचा आणि त्यांच्या फाटकावर येऊन थांबायचा. फाटकाशी हंडे, कळश्या आणि कॅन मांडले गेले. बद्रीनाथांच्या सुरेखाबाई पहिल्या होत्या.

बद्रीनाथ मुकुंदरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पैठणकर साहेब, आपण शेजारी. आधी शेजाऱ्याचं बघायचं का नाय?"

"अहो बद्रीनाथराव, टँकरच नाही! ते चित्र आहे. मी काढलेलं."

"व्हय, व्हय. लोकांना हेच सांगा, बरोबर हाय. पण मला तरी खरं सांगा."

मुकुंदरावांनी कपाळाला हात लावला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मंगल कार्याची निमंत्रणं जुळवली होती. आपल्या एका ओळीवर एवढी माणसं येतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक फोन आला. आवाज म्हातारा होता आणि त्यात राग नव्हता, म्हणून मुकुंदराव जास्तच सावरून बसले.

"लेकरा, मी भागूबाई. खदानीच्या अंगाला ऱ्हाती. माझ्या लेकानं त्याच्या फोनवर भरलं व्हतं अन् कामाला गेला. निघाला म्हून आलं व्हतं. लई वाट पाहिली. रस्ता घावंना का डायवरला? मी नाक्यावर येऊन उभी ऱ्हाऊ का?"

"नको, आजी. उन्हात उभं राहू नका. मी येतो."

दगडाच्या खदानीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. नव्या घरांच्या बांधकामावर आलेली माणसं तिथे राहत होती. शेवटच्या खोलीपुढे भागूबाई पदर डोक्यावर घेऊन बसली होती आणि आत बाजेवर तिचा नवरा धोंडिबा खोकत होता. दारात एक निळं टिपाड पालथं घातलेलं होतं, घासून लखलखीत केलेलं.

"हे पालथं का घातलंय?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तळाला गढूळ व्हतं जरा. ताजं येतंय म्हणल्यावर त्यात कशाला वतायचं? मंग त्या लिंबाला टाकलं अन् टिपाड घासून ठिवलं."

मुकुंदरावांनी लिंबाकडे पाहिलं. बुडाशी ओल उरली नव्हती.

"आजी, तो टँकर..." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "तो निघालाच नव्हता. ते मी केलेलं होतं. नमुना."

"नमुना म्हंजी?"

"म्हणजे खरं नसलेलं. दाखवण्यापुरतं."

"पर लेक म्हणला, पाणी आक्षी खरं दिसतं."

"खरं दिसावं म्हणूनच केलं होतं."

भागूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं, वेडा आहे की काय याचा अंदाज घेतल्यासारखं. मग आतून तांब्या आणून पुढे केला. "शेजारणीनं दिलंय. घ्या घोटभर, उन्हाचं आलात." मुकुंदरावांना ते पाणी घेता येईना आणि नाकारताही येईना. त्यांनी तांब्या ओठाला लावल्यासारखं केलं आणि परत ठेवला.

ते घरी आले ते थेट मोरीत गेले. दोन कॅन भरलेले होते.

"ते उद्या-परवाचं आहे," पद्मजाताई म्हणाल्या.

मुकुंदरावांनी सगळं सांगितलं. पद्मजाताईंनी ऐकून घेतलं, मग स्वतःच दोन्ही कॅन उचलून स्कूटरच्या पायाशी ठेवले. "घट्ट धरा. आणि आल्यावर आधी ते पान काढा. पुणं गेलं तर गेलं."

कॅन भागूबाईकडे पोचवून परत आल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला. टँकरचा नमुना पुसला. मग वाटलं, अर्धवट कशाला? मिठाईचं दुकान, शाळा, टाय, नकाशा, सगळंच पुसलं. एवढ्या मेहनतीचं काम पुसायला एवढा थोडा वेळ लागतो याचंच त्यांना वाईट वाटलं.

पण ज्यांना टँकर हवा होता ती माणसं काही पुसली गेली नव्हती. दुपारी गल्लीत खरोखरीचा टँकर शिरला. तो बद्रीनाथांनी ओळखीतून बोलावला होता. तो दिसताच चारी बाजूंनी भांडी धावली, पाइपची ओढाओढ झाली, आणि चालक कडूबा किल्ली काढून खाली उतरला.

"मैं नहीं खोलता नळ! आधी कोण ते ठरवा. रोज माझीच कॉलर फाटायलीय."

"पैठणकर साहेबांना विचारा," गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "समद्यांची नावं त्यांच्याकडं हायत."

कडूबा मुकुंदरावांच्या फाटकाशी आला आणि त्याने चक्क हात जोडले. "साहेब, पानी है, डिझेल है. फक्त कुठं न्यायचं ते सांगणारा नाय कोणी. तुम्ही सांगा. शिव्या तुम्ही खा, गाडी मी चालवतो."

"अहो, मी कोणीच नाही. माझं ते पानसुद्धा आता राहिलेलं नाही."

"पान गेलं तर जाऊ द्या. तुम्ही हाय ना?"

मुकुंदरावांनी गर्दीकडे पाहिलं. त्यातले बरेच आवाज त्यांना फोनवरून पाठ झाले होते. कोणाकडे तान्हं मूल आहे, कोणाकडे आजारी माणूस, कोणाकडे नुसतीच घाई, हे त्यांना न विचारता माहीत होतं.

"आधी खदानीकडे," ते म्हणाले. "भागूबाईंकडे. तिथून मागची गल्ली. आपली गल्ली सोमवारी."

"अशानं कसं?" बद्रीनाथ उसळले. "मी बोलावलेला टँकर हाय!"

"तुमचा हौद निम्मा भरलेला आहे, बद्रीनाथराव. आमच्या गच्चीवरून दिसतो."

सुरेखाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि हंडा उचलून घराकडे चालू लागल्या. पद्मजाताई फाटकात येऊन म्हणाल्या, "आमचं तर मोरीतलंही गेलंय. आम्ही थांबतो की सोमवारपर्यंत."

मुकुंदराव कडूबाच्या शेजारी बसून गेले. भागूबाईचं टिपाड सुलटं झालं, त्यात पाइप पडला आणि पाणी धो धो आवाज करत चढू लागलं. हिंदकळलं ते त्यांनी काढलं होतं तसं नव्हे. वेडंवाकडं, काठावरून सांडत, त्यांच्या चपला भिजवत हिंदकळलं. एवढ्यात फोन वाजला. पाइप एका हाताने धरून त्यांनी तो घेतला.

"सर, मी मनस्विनी, पुण्याहून. दोन दिवस तुमचा फोन लागतच नाहीये. आणि तुमचं पानही उघडत नाहीये."

"मी काढून टाकलं."

"अहो, पण साहेब आत्ता बघायला बसले होते! काही बिघडलं होतं का?"

"नाही. नीट चालत होतं. लोक वापरायला लागले."

"म्हणजे?" असं तिने विचारलं आणि मुकुंदरावांनी सांगितलं. पाण्याच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे कडूबानेही सगळं ऐकलं आणि भागूबाईनेही पुन्हा ऐकलं. पुण्यात ती मुलगी कोणाशी तरी बोलत होती. कोणीतरी पुरुष हसला, मग हसायचा थांबला.

"सर," ती परत आली, "साहेब म्हणतात, आमच्याकडची पानं सुंदर असतात, पण ती वापरत कोणी नाही. तुम्ही प्रत्यक्षच या. सोमवारी सकाळी."

"सोमवारी नाही जमायचं," मुकुंदराव बोलून गेले. बोलल्यावर त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली. इतक्या महिन्यांनी दार किलकिलं झालं होतं. पण शब्द सोमवारचा दिला होता, आणि त्या दिवशी गल्लीत उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं. ते ओशाळून म्हणाले, "म्हणजे त्याचं असं आहे, ताई, सोमवारी आमच्या गल्लीत पाणी आहे."

पुण्याच्या माणसाला यातलं काय कळणार, असं वाटून ते फोन ठेवण्याच्या बेतात होते.

"मी लातूरची आहे, सर," ती मुलगी म्हणाली. "मंगळवारी या."