एसिनामबाई गाणारीण आणि न समजलेला हुकूम

ज्या नादापासून अक्षरे उपजली त्या नादास नमन, आणि ज्या देहातून तो नाद निघतो त्या देहास अंमळ अधिकच नमन. स्वामींनी आज्ञा केली की, 'समुद्रापार आफ्रिकाखंडी, खाडीकाठच्या राज्यात एका गाणारणीने दरबारास कैसे जेरीस आणिले ते साद्यंत लिहिणे, आणि लाजून काही गाळणे नाही.' आज्ञा प्रमाण. शके १९४१, विकारी नाम संवत्सर, ते साली जे घडले ते ऐकिले तैसे लिहिले. राज्याचे नाव घातले नाही, कारण ऐसी राज्ये पुष्कळ, आणि एकासच नाव ठेवावे तर बाकीची साळसूदपणे हसावयाची.

ते राज्यी एसिनामबाई म्हणोन गिटार वाजवून गाणाऱ्या थोर कलावंत होत्या. गळा ऐसा की बाई गाऊ लागल्या म्हणजे बाजारात मासळीवाल्या भाव सांगावयाचे विसरत, आणि गिऱ्हाइके घासाघीस करावयाची विसरत. गाणी सारी प्रीतीची. चंद्र, डोळे, उसासे, पुन्हा चंद्र. मग एके दिवशी जत्रेत गाणे संपवून बाई घाम पुशीत बसल्या असता एक तरणे जोडपे आले, पाया पडले, आणि नवरा हळूच बोलता जाहला की, "बाई, तुमच्या गाण्यात सांगितल्याप्रमाणे आम्ही रोज डोळ्यांत डोळे घालून बसतो. लग्नाला वर्षे लोटली, डोळे दुखावयास लागले, पण पाळणा काही हलत नाही. आमचे कुठे चुकते?" बाई आधी पोट धरधरून हसल्या, आणि मग त्या दोघांची तोंडे पाहोन हसू गिळले, आणि मग एकाएकी रडूच आले. म्हणाल्या, "अगं बाई, मी इतकी गाणी गायिली आणि कामाची गोष्ट एकात नाही सांगितली!" आणि त्या जोडप्यास झाडामागे नेऊन, जे त्यांच्या आईबापांनी सांगावयाचे ते सर्व सांगितले. तो नवरा म्हणाला, "एवढेच?" बायको म्हणाली, "एवढे सगळे?"

तेव्हापासून बाईंनी चंद्र सोडला आणि देह धरिला. अवयवांस त्यांच्या खऱ्या नावांनी हाका मारल्या, विटाळ म्हणजे आजार नव्हे हे गायिले, रोग कशाने होतो आणि कशाने टळतो हे गायिले, आणि ताल ऐसा धरिला की म्हातारेकोतारेही कंबर हलवीत शिकले. सर्वांत गाजले ते गाणे येणेप्रमाणे: "आधी विचार, मग हात धर, नको म्हणाले, वाट धर." पोरे हे गाणे आट्यापाट्यांतही म्हणू लागली. आणि आणिक एक गाणे बाईंनी केले की, पुरुषाचा जीव पुरुषावर जडो की स्त्रीचा स्त्रीवर, तीही देहाचीच लेकरे, त्यांस उपाशी ठेवू नये. हे गाणे बाईंनी दुसऱ्याकरिता केले नव्हते. बाईंचा जीव यायराबाईंवर होता. यायराबाई होड्या रंगवीत, आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावी दोघी एका घरी राहत, आणि सुखात राहत. एकच सल होता. यायराबाईंची आई झिग्बोदीबाई त्याच गावी, हाकेच्या अंतरावर राहे, आणि लेक एसिनामबाईंकडे राहावयास गेली तेव्हापासून तिच्याशी अवाक्षर बोलत नसे. वाटेत भेट झाली तर तोंड फिरवी. यायराबाई रोज आईच्या चुलीचा धूर पाहत आणि धूर दिसला की म्हणत, "आहे, बरी आहे." एसिनामबाईंस हे ऐकवत नसे. दोघींनी मनाशी घेतले की आईस आपली लाज वाटते, आणि लाजेपुढे कोणाचे काय चालते?

इकडे राजधानीत दिवाणसाहेब जेवावयास बसले असता त्यांच्या चिरंजीवांनी ते गाणे म्हणत म्हणत बापास ऐसा एक प्रश्न केला की दिवाणसाहेबांस ठसका लागला आणि घास नाकात गेला. मग काय विचारता! दरबार भरला, कपाळास आठ्या पडल्या, आणि हुकूम निघाला की, देहाच्या गुप्त गोष्टी कोणी बोलू नये, गाऊ नये, आणि दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया जोडप्याने एका घरी नांदताना आढळल्यास त्यांस खाडीपलीकडे हाकलून द्यावे. परंतु त्या राज्याची एक जुनी रीत होती. पूर्वी कोणा राजाचा हुकूम अर्धामुर्धा समजून लोकांनी आपल्याच होड्या जाळल्या होत्या. तेव्हापासून ऐसे ठरले की, दवंडीवाल्याने गावोगाव जाऊन हुकूम सांगावा, गावातील सर्वांत वडील स्त्री जे जे विचारील त्याचे उत्तर द्यावे, आणि ती "समजले" म्हणेल तेव्हाच त्या गावी हुकूम लागू व्हावा. दिवाणसाहेबांनी हिशेब केला की, विषय ऐसा आहे, म्हाताऱ्या लाजतील, पदर तोंडाला लावतील आणि "समजले, समजले, जा बाबा" म्हणून मोकळ्या होतील. दिवाणसाहेबांचा म्हाताऱ्यांशी फारसा संबंध आलेला नसावा.

दवंडीवाला अग्बेको म्हणोन साधा, देवभोळा गृहस्थ होता. पहिल्या गावी घंटा वाजवून त्याने हुकूम सांगितला. तेथील म्हातारी म्हणाली, "कोणती गोष्ट बोलायची नाही म्हणतोस?" हा म्हणाला, "ती... खालची." "पायांची?" "पायांच्या वरची, आजी." "गुडघ्यांची? माझे गुडघे तर फार दुखतात, ते बोलायचे नाही?" "गुडघ्यांच्याही वरची!" "अरे मग नाव सांग की मेल्या! नाव कळल्याशिवाय मी ते टाळू कसे?" सगळे गाव हसून लोळले. अग्बेको घामाघूम जाहला, कारण त्यास नाव ठाऊक होते परंतु आयुष्यात चारचौघांत उच्चारिले नव्हते, आणि पुढचे जे प्रश्न आले त्यांची तर उत्तरेच ठाऊक नव्हती. मग घंटा काखेत मारून तो थेट एसिनामबाईंच्या दारी आला आणि म्हणाला, "बाई, लाज गुंडाळून आलो आहे. तुमच्या विरुद्ध हुकूम आहे तो मला नीट समजावून सांगता येईना. मला सगळे शिकवा." बाईंनी यायराबाईंकडे पाहिले, यायराबाईंनी कुंचला खाली ठेविला, आणि दोघी हसता हसता थकल्या. आणि मग त्यास बसवून, पेज पाजून, सर्व शिकविले.

मग अग्बेकोची जीभ सैल जाहली. गावोगाव घंटेच्या ठेक्यावर तो हुकूम समजावू लागला, म्हणजे जे बोलू नये ते सर्व भर चावडीवर सांगू लागला. बायका चुली टाकून येत, बाप्ये झाडाआड उभे राहून ऐकत. म्हाताऱ्या ऐसे ऐसे प्रश्न काढीत की तरण्या सुना कानांवर हात ठेवीत आणि बोटे फाकवीत. शेवटी प्रत्येक म्हातारी डोळे मिचकावून म्हणे, "अजून नीटसे समजले नाही रे बाबा. पुढल्या बाजाराला पुन्हा ये." ऐसे सर्व मुलखात हुकूम पोचला आणि लागू कोठेच झाला नाही.

राहिले ते खाडीच्या तोंडाशी असलेले गाव. आणि तेथे सर्वांत वडील कोण, तर झिग्बोदीबाई. दिवाणसाहेबांस हे कळले तेव्हा ते प्रथमच हसले, आणि आपला एक स्वार अग्बेकोबरोबर धाडिला. यायराबाईंनी मुकाट्याने बोचके बांधिले. म्हणाल्या, "आईचे तोंड मला ठाऊक आहे. ती समजले म्हणेल. तू राहा, तुझी माणसे इथे आहेत." एसिनामबाई कडाडल्या, "माझे माणूस बोचके बांधते आहे, मी कोणाजवळ राहू?" आणि गिटार पाठीस लाविली.

भर दुपारी गोरखचिंचेखाली गाव जमले. झिग्बोदीबाई बुटक्या चौरंगावर बसल्या होत्या. अग्बेकोने देहाचे प्रकरण काढिले तो बाई म्हणाल्या, "लेकरे झाली आहेत मला. ते ठाऊक आहे, पुढचे सांग." अग्बेको मान खाली घालून म्हणाला, "दोन स्त्रिया एका घरी नांदतील तर त्यांस हाकलावे." "नांदतील म्हणजे?" "म्हणजे... जोडप्याने, आजी." "आपल्यात नांदायला जायचे तर रीत काय, अग्बेको?" "रीत ऐसी की, आईच्या दारी जावे, दार ठोठावावे, माडाची दारू पुढे ठेवावी आणि विचारावे. आईने दारू घेतली की मागणी मान्य." झिग्बोदीबाईंनी काठी उचलिली आणि थेट एसिनामबाईंवर रोखिली. "मग या बयेने विचारले? साऱ्या मुलखाला शिकवते, आधी विचार, आधी विचार! पोरे माझ्या अंगणात येऊन ओरडतात! आणि माझ्या दाराशी मात्र आली नाही! माझी लेक काय वाटेवरचे शिंपले आहे, उचलले आणि नेले?"

एसिनामबाई पुढे जाहल्या. म्हणाल्या, "आई, आम्हाला वाटले की तुम्हाला आमची लाज वाटते." "लाज! बायका पाणवठ्यावर विचारतात, लेकीचे कुठे जमले, आणि मी सांगू काय? कोणी मागणी घातली असती तर सांगितले असते ना! इतकी वर्षे रोज संध्याकाळी दार लावून बसते, कोणी ठोठावील म्हणून." हे ऐकताच यायराबाईंच्या हातून बोचके पडले. मग स्वार कावला आणि म्हणाला, "आजी, पाल्हाळ पुरे. हुकूम समजला की नाही तेवढे सांगा." झिग्बोदीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "शब्द सगळे समजले. गुन्हा कोणता ते समजले नाही. आणि या जन्मी समजेल ऐसे दिसत नाही. जा, दिवाणाला सांग." ऐसे बोलोन त्या तरातरा घरी गेल्या आणि दार धाडकन लाविले. स्वारास वाटले, म्हातारी रागावली. गावास मात्र बरोबर कळले.

मग काय धांदल! कोणी माडाची दारू आणिली, कोणी एसिनामबाईंचे लुगडे नीट केले, अग्बेकोने घंटा धरिली आणि सारे गाव नाचत नाचत त्या दारापुढे आले. हजारोंपुढे न डगमगलेल्या बाईंनी दोनदा हात वर केला आणि दोनदा खाली घेतला. त्यांनी दार ठोठाविले. आतून आवाज आला, "कोण आहे?" "एसिनाम." "काय काम काढले?" "विचारायला आले." मग आवाज आला, तो ओला होता, "इतका उशीर?" आणि दार उघडिले. झिग्बोदीबाईंनी बाटली हाती घेतली, परंतु बूच काढिले नाही. रीतीप्रमाणे लेकीस विचारिले, "यायरा, ही दारू मी घेऊ का गं?" इतक्या वर्षांनी आईच्या तोंडी आपले नाव ऐकोन यायराबाईंनी नुसती मान हलविली. म्हातारी म्हणाली, "मान नको. तोंडाने सांग. गाण्यात तसेच आहे." यायराबाई रडत हसत ओरडल्या, "घे गं आई, घे!" आणि मग जो ढोल सुरू जाहला त्यात दिवाणाचा स्वारही नाचला ऐसे म्हणतात. घोडा तर नक्की नाचला.

सारांश: हुकूम अद्याप रद्द नाही, तो अद्याप समजावणे चालू आहे, आणि अग्बेकोसारखा गुरुजी त्या राज्यात दुसरा नाही. डोळ्यांत डोळे घालून बसणाऱ्या जोडप्यास कन्यारत्न जाहले. झिग्बोदीबाईंचे दार त्या दिवसापासून उघडेच असते, तरी एसिनामबाई आत जाताना दर वेळी ठोठावतात, आणि म्हातारी दर वेळी आतून विचारते, "कोण आहे?"