जीवाला सातत्यपूर्ण धोका

गोव्यातल्या पाळी गावचे गोकुळदास यांना ठार मारण्याची इच्छा या पृथ्वीतलावर कोणालाही नाही, ही गंभीर बाब शासनाच्या लक्षात यायला पंधरा वर्षे लागली.

त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना खाणी धडाक्यात चालू होत्या तेव्हाचा. त्या काळी गोकुळदासांचे चार टिप्पर ट्रक खनिज घेऊन नदीच्या धक्क्यावर जात आणि चालकांचे पगार घेऊन ते स्वतः खाणीवर जात. ज्याच्याकडे चार टिप्पर त्याच्या जीवाला धोका असणारच, असे सरकारी कचेरीसकट सगळे धरून चालत. मग खाणी बंद पडल्या. दोन टिप्पर विकले गेले, दोन घरामागे उभे राहिले आणि त्यांतल्या एकाच्या हौद्यात भोपळ्याचा वेल चढला. नमस्कार करणारे कमी झाले, रस्त्यात वाट देणारे तर संपलेच. उरला तो परवाना. गावात अजूनही त्यांना 'पिस्तूलवाले गोकुळबाब' म्हणत, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याकडे आता एवढे एकच बिरूद होते. तेही गेले तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना आंघोळ करतानासुद्धा पडायचा.

आणखी एक खरी गोष्ट सांगायला हवी. गोकुळदासांना त्या रिव्हॉल्व्हरची भीती वाटे. पंधरा वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती. एकदा ते पुसायला घेतले तेव्हा हात इतके थरथरले, की पत्नी प्रभावतीबाईंनी ते काढून घेतले, पदराने पुसले आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिले.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज घेऊन गोकुळदास कचेरीत गेले. खिडकीत अश्विनी नावाची कारकून होती. तिने अर्ज दोनदा उलटला.

"बाब, हो रकानो रिकामो आसा. धोको कोणाकडल्यान?"

"तसो कोणाकडल्यानच ना. पूण सावध रावचें पडटा."

"सावधगिरीक फॉर्म ना. मारतलो कोण, ताचें नांव, पत्तो, फोन नंबर बरोवचो पडटा. आनी तो पंदरा वर्सां गोंयचो रहिवासी जाय. भायलो मारतलो जाल्यार वेगळी परवानगी."

"आनी?"

"आनी डॉक्टराचो दाखलो. शस्त्र सांबाळपाक शरीर तंदुरुस्त जाय." मग तिने नियमांची पुस्तिका उघडून छापील मराठीत वाचून दाखवले, "'अर्जदाराच्या जीवास असलेला धोका सातत्यपूर्ण असावा.' म्हणजे पळयात, तुमी शस्त्र घरा दवरून भायर भोंवलात अशें कोणे कळयलें, जाल्यार तितलो वेळ धोको सुट्टीर गेलो अशें धरतले. सुट्टीर वचपी धोको हांगा चलना."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, रक्तदाब मोजला आणि सहा किलो वजन उतरवल्याशिवाय दाखला मिळणार नाही असे सांगितले. त्यामुळे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गोकुळदासांनी डिचोली बाजारातली एक जिम लावली. सातत्याच्या नियमानुसार रिव्हॉल्व्हर अंगावर असणे भाग होते, आणि दुसऱ्या एका नियमानुसार ते कोणाला दिसता कामा नये होते. वास्कोला नोकरी करणाऱ्या निहारने, त्यांच्या मुलाने, ट्रॅकपँट पाठवली होती. तिच्या इलॅस्टिकला यांपैकी कोणत्याच नियमाची कल्पना नव्हती.

शेवटी प्रभावतीबाईंनी जुन्या गादीच्या कापडाची पिशवी शिवली. आत कापसाचे जाड अस्तर, बाहेर कमरेला बांधायला नाडी. रिव्हॉल्व्हर आत घालून त्यांनी पिशवीचे तोंड दुहेरी दोऱ्याने शिवून टाकले.

"अगो, वेळ आयलो जाल्यार काडूं कसो?" गोकुळदासांनी विचारले.

"घरांत नातू आसा," त्या म्हणाल्या. "आनी तुमी आसात."

जिममधला प्रशिक्षक रुद्रेश हा चोवीस वर्षांचा, अंगाने पिळदार आणि स्वभावाने मऊ मुलगा होता. त्याने गोकुळदासांना ट्रेडमिलवर चढवले. पट्टा सरकू लागला तशी पिशवीही सरकू लागली. ती धरावी तर चुकून काहीतरी दाबले जाईल ही भीती, आणि सोडावी तर खाली पडेल ही. म्हणून गोकुळदासांनी उजवा हात कमरेच्या वर एक इंचावर तरंगत ठेवला, शरीर किंचित डावीकडे झुकवले आणि ते चालत राहिले.

"अंकल, हात सोडा," रुद्रेश म्हणाला.

"सोडूंक जायना."

"हर्निया?"

"तशेंच कितेंतरी."

आडवे पडून करायच्या व्यायामात तर पिशवी पोटाच्या मधोमध येई. नळी या क्षणी शरीराच्या कोणत्या भागाकडे रोखलेली असेल, याचा अंदाज घेण्यातच त्यांचा वेळ जायचा. घाम इतका सुटे, की शेजारचा माणूस टॉवेल पुढे करी. तीन आठवड्यांत गोकुळदास चार किलो उतरले. जिमच्या इतिहासात असे झाले नव्हते. रुद्रेशने पुष्कळ विचार केला आणि या यशाचे कारण तो तरंगता हात आहे, अशा निष्कर्षाला तो आला. त्याने गोकुळदासांचा एक व्हिडिओ काढून समाजमाध्यमांवर टाकला.

पुढच्या सोमवारी ट्रेडमिलवर पाच माणसे डावीकडे झुकून चालत होती. तुये गावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून येणारी पल्लवी गोकुळदासांपाशी आली आणि अदबीने म्हणाली, "अंकल, हात उजवोच जाय, काय दावो चलता?"

"उजवो," गोकुळदास म्हणाले. खाणी बंद पडल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना काही विचारत होते.

याच सुमारास निवडणूक जाहीर झाली, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या परवानाधारकांना शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली. हा मोठाच पेच होता. जमा केले तर धोका सुट्टीवर जाणार, न केले तर परवाना रद्द होणार. गोकुळदासांनी नोटीस तीनदा वाचली, कॅलेंडरच्या मागे खोचली आणि 'बघूया' म्हणून झोपी गेले. प्रभावतीबाईंनी ती काढून तारीख पाहिली आणि होती तशी परत खोचली.

त्या आठवड्यापासून घरच्या चटणीत लसणीच्या पाकळ्या अख्ख्या येऊ लागल्या.

"बत्तो खंय गेलो?"

"शेजारणीक दिलो."

गोकुळदासांनी पाकळी बाजूला काढून ठेवली आणि जेवण पुढे चालू केले. त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच विचार होता, तो रिकाम्या रकान्याचा. डॉक्टरांचा दाखला मिळेल, हात तरंगेल, सातत्यही राखता येईल, पण मारणारा कुठून आणायचा? त्यांनी आयुष्यातली सगळी भांडणे आठवून पाहिली. एकाचा बांध त्यांनी कोरला होता, पण तो वारला. एका मेव्हण्याशी अबोला होता, पण त्याने गेल्या गणेश चवथीला करंज्या पाठवून तोही संपवला. आपल्यावर डूख धरणारा एकही माणूस आपण मिळवला नाही, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले.

आणि मग एका संध्याकाळी जिमच्या दारातून शांताराम आत आला. शांताराम म्हणजे त्यांचा खाणीवरचा जुना प्रतिस्पर्धी. त्याचे सहा टिप्पर होते. वजनकाट्यावर गाडी आधी कोणाची, यावरून दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तो ट्रेडमिलवर चढला, डावीकडे झुकला आणि त्याने उजवा हात कमरेवर तरंगत ठेवला. इतरांची ती नक्कल होती. शांतारामचे काम वेगळे आहे, हे गोकुळदासांनी एका नजरेत ओळखले.

"तुजेंय नूतनीकरण?" त्यांनी हळूच विचारले.

"फुडल्या म्हयन्यांत. आनी तो रकानो?"

"रिकामो."

शांतारामने पट्ट्याचा वेग कमी केला. मग शांताराम म्हणाला, "तूं म्हाका धमकी दी. हांव तुका दितां."

वकिलाने दोन स्टॅम्पपेपर घेतले. 'मी, शांताराम, पूर्ण शुद्धीत व कोणत्याही दडपणाशिवाय लिहून देतो की श्री. गोकुळदास यांस मी जिवंत सोडणार नाही. सदर धमकी आजपासून पाच वर्षांसाठी वैध असून उभयतांच्या संमतीने तिचे नूतनीकरण करता येईल. माझा पत्ता बदलल्यास मी त्यांस लेखी कळवीन.' दुसऱ्या कागदावर तेच, नावे उलट. पंधरा वर्षांच्या रहिवासाचे दाखले जोडले, आणि उरलेले दोन किलो उतरल्यावर गोकुळदासांना मिळालेला डॉक्टरांचा दाखलाही. साक्षीदार म्हणून रुद्रेशने सही केली. मग दोघांनी समोरच्या हॉटेलात बसून पातळ भाजी आणि उंडे पाव खाल्ले, आणि तू दे, मी देतो करत शेवटी शांतारामने बिल दिले. आपल्याला मारायला कोणीतरी बांधील आहे, या जाणिवेने गोकुळदासांना त्या रात्री गाढ झोप लागली.

अश्विनीने कागद पाहिले आणि पहिल्यांदाच ती हसली. "बरें केलात, बाब. सगळें आसा." तिने फाईल पडताळणीसाठी ठाण्यात पाठवली.

ठाण्यातल्या देवेश नावाच्या अधिकाऱ्याने आठ दिवसांनी दोघांनाही बोलावून घेतले. माणूस सभ्य होता. त्याने दोन्ही स्टॅम्पपेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"जीवे मारण्याची धमकी देणाऱ्याकडे शस्त्र ठेवता येत नाही," तो म्हणाला. "धमकी मिळालेल्याला ते द्यावे लागते. तुम्ही दोघेही दोन्ही आहात. वरून स्पष्टीकरण येईपर्यंत दोघांनीही शस्त्रे टेबलावर ठेवा."

गोकुळदासांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. त्यांनी शांतारामकडे पाहिले. शांताराम टेबलाकडे पाहत होता.

"म्हजें निवडणुकेंतच जमा केलां," तो म्हणाला. "हाडूंक वेळ मेळ्ळो ना."

"मग कमरेवर कितें?" गोकुळदासांनी विचारले.

"हात."

"फकत हात?"

"तुजो बगून दवरलो रे. बरें दिसता."

देवेशने जमा शस्त्रांची नोंदवही उघडून शांतारामचे नाव शोधले. मग त्याचे बोट दोन ओळी खाली थांबले.

"गोकुळदास, तुमचेही रिव्हॉल्व्हर इथेच आहे. निवडणुकीसाठी शस्त्रे जमा करण्याची मुदत संपायच्या दिवशी जमा झाले आहे. ही तुमची सही."

सही गोकुळदासांचीच होती, म्हणजे प्रभावतीबाईंनी केलेली. बँकेत आणि पंचायतीत त्याच ती गेली तीस वर्षे करत आल्या होत्या. देवेशला तो दिवस चांगला आठवत होता. एक बाई तांबड्या भाजीच्या टोपलीत, जुड्यांखाली झाकून, कदंबाच्या सरकारी बसने रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या होत्या. वाटेत कोणाला संशयही आला नव्हता. 'त्यांना ताप आहे' असे सांगून त्यांनी पावती घेतली, आणि जाताना दोन जुड्या ठाण्यात ठेवून गेल्या होत्या.

"मग हें कितें?" गोकुळदास म्हणाले आणि त्यांचा हात कमरेवर गेला. या वेळी तो तरंगला नाही.

शिपायाने ब्लेडने शिवण उसवली. कापूस बाहेर आला, आणि कापसातून खलबत्त्याचा पितळी बत्ता. खोलीभर लसणीचा वास सुटला. देवेशने पंचनामा सांगायला सुरुवात केली, "एक पितळी वस्तू, लांबी सात इंच, टोक बोथट." शांताराम हसला नाही, त्याबद्दल गोकुळदास त्याचे जन्मभर ऋणी राहिले.

पंधरा दिवसांनी आदेश आला. त्यात म्हटले होते की, 'अर्जदार तीन महिने शस्त्राविना वावरले असून या काळात ते जिवंत राहिल्याचे त्यांनी स्वतः उपस्थित राहून सिद्ध केले आहे. सबब धोका सातत्यपूर्ण नसल्याचे दिसून येते. परवाना रद्द करण्यात येत आहे.' बत्ता मुद्देमाल म्हणून ठाण्यात राहिला. तो परत हवा असल्यास बत्त्याची गरज सातत्यपूर्ण असल्याचा पुरावा जोडून अर्ज करावा, असे तळटीपेत होते.

गोकुळदास घरी येऊन पायरीवर बसले. प्रभावतीबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"सांगूंक जायनासलें?" ते म्हणाले. "तीन म्हयने हांव बत्तो बांदून भोंवलां."

"ती नोटीस पळोवन तुमचें तोंड कशें जाल्लें, तें हांवें पळयलां," त्या म्हणाल्या. "पिशवी रिती केली आसती जाल्यार तुमी खाटीर पडपाचे. तुमकां जड कितेंतरी जाय आशिल्लें. दिलें." मग त्या आत गेल्या आणि दगडाने लसूण ठेचू लागल्या. गोकुळदासांचे डोळे भरून आले, ते त्यांनी चहाच्या वाफेवर ढकलले.

गोकुळदास अजूनही जिमला जातात. कमरेला पिशवीसुद्धा नसते, हात मात्र तिथेच, एक इंचावर असतो. मागे कोणीतरी कुजबुजले होते की त्यांच्याकडे पिस्तूल आहे, त्यामुळे त्यांचा ट्रेडमिल कोणी अडवत नाही. पाण्याच्या मशीनपाशी माणसे बाजूला होतात. शांतारामही येतो, आणि पाच वर्षांची धमकी अजून चालू असल्यामुळे दोघे एकमेकांना अदबीने वागवतात. परवाना रद्द झाल्याचे तिथे कोणालाच माहीत नाही आणि कोणी विचारलेलेही नाही.

तुम्हाला हसू येत असेल. जरूर हसा. फक्त तुमच्या मोबाइलमध्ये साठवलेला तो एक नंबर तेवढा आठवा. कोणा आमदाराच्या पीएचा, नाहीतर खात्यात वर असलेल्या दूरच्या भाच्याचा. तो आपल्याकडे आहे या भरवशावर तुम्ही वाहतूक पोलिसाशी, पंचायतीच्या सचिवाशी आणि बायकोच्या माहेरच्यांशी मान ताठ ठेवून बोलता. तो नंबर कधी लावून पाहिला आहे का? नसेल तर राहू द्या. हात तेवढा खिशावर असू द्या.