बिघडण्याचे वर्ष

लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात लक्ष्मणराव आणि आनंदाबाई या दांपत्याची शेती पर्यावरणाच्या दृष्टीने अपात्र ठरली. कारण असे देण्यात आले की, त्यांच्या शेतात पर्यावरणाचे कोणतेही नुकसान आढळून आले नाही.

शेती म्हणजे धानाच्या काही बांध्या, बांध घातलेली खाचरे, आणि त्यांच्या मधोमध एक बोडी, म्हणजे घरचे लहानसे तळे. उन्हाळ्यात बोडी आटली की तिचा गाळ बांधीत टाकायचा, वर गोठ्यातले शेणखत, आणि पावसाळ्यात चिन्नोर हा बारीक सुवासिक तांदूळ लावायचा. युरिया त्या शेतात पडत नसे. त्यामागे काही तत्त्वज्ञान नव्हते. लक्ष्मणरावांच्या वडिलांनी एका वर्षी तो टाकून पाहिला होता, तेव्हा लक्ष्मणरावांच्या आईने भाताचा पहिला घास खाऊन ताट सरकवले आणि दोन दिवस बोलणे बंद ठेवले. घराचे कृषिधोरण तेव्हापासून स्थिर होते.

लाखनीचा व्यापारी हिरालाल दरवर्षी गाडी घेऊन येई आणि चिन्नोर भरून नेई. मग एका वर्षी काळ बदलला. त्या खेपेला तो आला, चहा प्याला, पण पोत्याला हात लावेना.

"काहून जी, माल चांगला नाही का?" आनंदाबाईंनी विचारले.

"माल एक नंबर आहे, वहिनी. पण आता पुन्याची कंपनी म्हणते, पिशवीवर हिरवं पान पाहिजे. शाश्वत धान. पान नसन तं मी तुमचा चिन्नोर ठोकळ्या धानातच घेईन, जाड्याच्या भावानं. मले बी पुढं विकाचं आहे ना."

"अन् ते पान देते कोन?"

"अभियान देते."

शाश्वत धान अभियान हा धोरण आणि बाजारपेठ यांचा संगम होता. धोरण दिल्लीत ठरले होते, बाजारपेठ पुण्यात होती, आणि संगमाच्या ठिकाणी प्रितम नावाचा एक तरुण मोटारसायकल घेऊन उभा होता. तो वरठीचा. कृषी पदवी घेऊन अभियानात 'शाश्वतता समन्वयक' या पदावर कंत्राटाने लागला होता. भर उन्हातही त्याला हिरवे जाकीट घालावे लागे, कारण जाकीट नसेल तर हजेरीचा फोटो मंजूर होत नसे.

तो आला, बांधावर उभा राहिला आणि त्याने मोबाइल काढला.

"काकाजी, सध्या युरिया किती टाकता?"

"नाही टाकत जी."

"अंदाजे?"

"अंदाजे बी नाही टाकत."

प्रितमने शून्य लिहिले. मोबाइलचा पडदा लाल झाला. त्याने पुन्हा लिहिले. पुन्हा लाल.

"हे शून्य घेत नाही," तो म्हणाला. "म्हणजे कसं आहे, आज जेवढं टाकता त्यातून पुढच्या वर्षीचं वजा करायचं. जेवढं कमी केलं तेवढी तुमची शाश्वतता. आता शून्यातून मी काय वजा करू?"

"मंग आमी पहिलेपासूनच बरोबर आहो, असं लिहून टाका ना," आनंदाबाई म्हणाल्या.

"तसा रकाना नाही, काकू."

बराच विचार करून त्याने शेरा दिला: 'सुधारणेस वाव नाही.' लक्ष्मणरावांना क्षणभर बरे वाटले. शाळेत त्यांना याच्या नेमका उलटा शेरा मिळत असे.

शेजारच्या भैय्यालालच्या शेतात मात्र भरपूर वाव होता. भैय्यालाल इतका युरिया टाकी की रिकाम्या पोत्यांचे त्याच्या घरी पडदे झाले होते, पायपुसणी झाली होती, पावसात डोक्यावर घ्यायच्या खोळी झाल्या होत्या. प्रितमने सांगितल्यावर त्याने खत निम्म्यावर आणले. निम्मे म्हणजेही पुष्कळ होते, पण पडदा हिरवा झाला. भैय्यालालला शाल, श्रीफळ आणि हिरवे पान मिळाले. हिरालालची गाडी त्याच्या दारात लागली. संध्याकाळी तो शाल काखेत लपवूनच लक्ष्मणरावांकडे आला.

"वहिनी, तुमच्या बोडीत माह्या पोरायनं मासोऱ्या धरल्या," तो मान खाली घालून म्हणाला. "माह्या बांधीत बेंडूक बी नाही रायला. तरी पान मलेच. मले समजून नाही रायलं."

दुसऱ्या खेपेला प्रितम आला तो उपाय घेऊनच. कार्यालयाने अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढली होती. ज्या शेतकऱ्यांच्या शेतीत दोष नाहीत, त्यांना संधी नाकारली जाऊ नये, असे तिच्यात कळकळीने म्हटले होते. अशा वंचितांना एक 'आधारवर्ष' देण्यात यावे. त्या वर्षात त्यांनी शेती इतरांच्या पातळीवर आणावी आणि नंतर सुधारावी.

लक्ष्मणरावांनी हे दोनदा ऐकून घेतले. "म्हनजे सुधराले आधी बिघडा लागते?"

"शास्त्रीय भाषेत तसंच."

"मी आपल्या हातानं जहर टाकनार नाही," आनंदाबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्यांनी तो निर्धार पाळला. चिन्नोरचे एक पोते घेऊन त्या स्वतः एसटीने लाखनीला गेल्या. हिरालालला समजावून सांगू, भात शिजवून खाऊ घालू, असे त्यांनी ठरवले होते. हिरालालने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि हमालाला हाक मारून पोते आत नेले. आनंदाबाई पाहतात तो हमालाने पोत्याचे तोंड सोडले आणि त्यांचा चिन्नोर ठोकळ्या धानाच्या ढिगावर ओतून दिला. पिवळसर, बारीक दाण्याची धार जाड्या धानात शिरली आणि दिसेनाशी झाली.

"अवो, कायले मिसळून राहिले जी!" त्या उठून ओरडल्या.

"वहिनी, पान नाही ना," हिरालाल म्हणाला. त्याचा चेहराही पडला होता.

 घरी येऊन आनंदाबाई लक्ष्मणरावांना म्हणाल्या, "आना पोते."

बिघडण्याची रीत माहीत नसल्यामुळे त्यांना प्रशिक्षण आवश्यक होते. अभियानात 'संक्रमणपूर्व क्षमताबांधणी' असे स्वतंत्र शीर्षक होते, आणि त्याखाली भैय्यालालची मास्टर ट्रेनर म्हणून नेमणूक झाली. खत कमी केल्याबद्दल शाल मिळालेला भैय्यालाल आता खत टाकायला शिकवण्यासाठी बांधावर उभा राहिला. लक्ष्मणराव चिमूट चिमूट घेऊन हलकेच शिंपडत होते.

"लक्ष्मणराव, लग्नात अक्षता नाही टाकून राहिले!" भैय्यालाल ओरडला. "मूठ भरा, मूठ! असं दूरवर फेका!"

आनंदाबाई बांधावर आल्या नाहीत. त्या गोठ्यात बसून गाईला थोपटत होत्या. गाईचे शेण त्या वर्षी अतिरिक्त घोषित झाले होते.

धान उंच आले, गडद हिरवे झाले. रस्त्याने जाणारे थांबून कौतुक करू लागले. मग ते स्वतःच्या वजनाने वाकले, आणि त्यात तुडतुडे शिरले. तुडतुड्यांसाठी फवारा आला. फवाऱ्यानंतर दोनच दिवसांनी जोराचा पाऊस झाला, वरची बांधी फुटली आणि तिचे पाणी बोडीत उतरले.

सकाळी बोडीवर मासे पालथे तरंगत होते. लहान पिल्ले काठाच्या गवतात अडकली होती. आनंदाबाई पाण्यात उतरल्या, एक मासा हातात घेऊन त्यांनी तो पाण्यात हलवून पाहिला, सोडला. तो पुन्हा पालथा झाला. मग त्या काठावर येऊन बसल्या.  लक्ष्मणराव त्यांच्या शेजारी बसले आणि चिखल खरवडत राहिले.

प्रितमला बातमी कळली तसा तो मोटारसायकलवर आला. त्याने जाकीट घातले, मोबाइल वर धरला.

"काकू, थोडं बाजूले व्हा. मासोऱ्या झाकून राहिल्या."

आनंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिले.  प्रितमने मोबाइल खाली घेतला, जाकिटाची चेन उघडली आणि तोही काठावर बसला.

"माहं कंत्राट मार्चात संपते, काकू," तो हळूच म्हणाला. "आकडे नाही दाखवले तं ते मले ठेवनार नाही."

"काढ मंग फोटो," आनंदाबाई म्हणाल्या आणि उठून बाजूला झाल्या.

कार्यालयातून अभिनंदन आले. इतकी खालावलेली आधाररेषा विभागात कुठेच मिळाली नव्हती. इतर गावांचे समन्वयक ती पाहायला येऊन गेले.

पुढच्या वर्षी लक्ष्मणरावांनी पुन्हा गाळ आणि शेणखत टाकले. पडदा इतका हिरवा झाला की प्रितमला वाटले मोबाइलच बिघडला. आनंदाबाई 'सर्वाधिक सुधारलेली शेतकरी' म्हणून जाहीर झाल्या. लाखांदूरला मंडप टाकून सत्कार झाला. पुण्याहून कंपनीचे साहेब आले होते. त्यांनी व्यासपीठावर मोठ्या आपुलकीने माइक आनंदाबाईंपुढे धरला.

"ताई, तुम्ही त्या विषारी शेतीच्या विळख्यात सापडला होता. कशामुळे?"

"तुमच्यामुळं जी," आनंदाबाई म्हणाल्या.

"आणि बाहेर कशामुळे पडलात?"

"आमचं आमीच आलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब म्हणाले, शेतकऱ्याचा हा साधेपणाच आमच्या ब्रँडचा गाभा आहे. चिन्नोरच्या पिशवीवर हिरवे पान आले, आणि पानाशेजारी आनंदाबाईंचा फोटो. खाली लिहिले होते, 'हिने विष सोडले.' हिरालालने गाडी पुन्हा त्यांच्या दारात लावली. गोष्ट इथे गोड संपू शकली असती.

परंतु शेत आता स्वच्छ होते. त्यामुळे पुढच्या वर्षी पडदा पुन्हा लाल झाला. कमी करण्याजोगे काही उरले नव्हते.

"मंग पान?" लक्ष्मणरावांनी विचारले.

"ते दरवर्षीच्या सुधारणेवर आहे, काकाजी." कंत्राट वाढून मिळालेल्या प्रितमचा आवाज आता अधिक अधिकृत झाला होता. "पण आता 'आवर्ती आधारवर्ष' मंजूर झालं. एक वर्ष बिघडवायचं, एक वर्ष सुधारायचं. कायमस्वरूपी."

गावाने हे लवकर आत्मसात केले. पूर्वी लोक पिकांची फेरपालट करत, आता विषाची करू लागले. पूर्वेकडच्या बांध्यांनी सम वर्षी बिघडायचे, पश्चिमेकडच्यांनी विषम वर्षी. म्हणजे गावात सुधारणा कधीच खंडित होत नसे. सुधारलेल्या शेतकऱ्यांची संख्या दरवर्षी वाढत गेली, आणि खताच्या दुकानदाराने चौकात अभियानाच्या अभिनंदनाचा फलक लावला. अहवालात लिहिले गेले की ही वाढ शाश्वत आहे. ते अगदी खरे होते.

यंदा जानेवारीत कंपनीने 'शेतकऱ्याच्या अंगणात' नावाची सहल काढली. पुण्याचे ग्राहक वातानुकूलित बसने आले. आनंदाबाईंनी घरामागची एक लहानशी बांधी अभियानाला कधी दाखवलीच नव्हती. तिच्यातला तांदूळ त्या फक्त घरी खात. पाहुणे आले म्हणून त्यांनी तोच शिजवला. चुलीवरचे झाकण निघाले तशी बसमध्ये बसून राहिलेली मंडळीही खाली उतरली.

"हा तुमच्या पिशवीतलाच ना?" एका बाईंनी कौतुकाने विचारले.

"नाही जी. याले पान नाही. याच्यात कधीच काही टाकलं नाही."

बाईंचा हात थांबला. "म्हणजे सर्टिफाइड नाही?"

"नाही."

बाईंनी ताट अलगद खाली ठेवले. "राग नका मानू हं. मुलं बरोबर आहेत, उगाच रिस्क नको." इतरांनीही ताटे ठेवली. मग सगळ्यांनी बसमधल्या पिशव्या विकत घेतल्या आणि एकेक पिशवी छातीशी धरून आनंदाबाईंबरोबर फोटो काढले. प्रितम फोटो काढून देत होता. बस गेल्यावर लक्ष्मणराव, आनंदाबाई, भैय्यालाल आणि प्रितम भात खायला बसले. प्रितमने तीनदा वाढून घेतला.

बाईंनी तो फोटो बसमधूनच समाजमाध्यमावर टाकला. 'विषाला नाही म्हणणारी आई.' तो खूप फिरला, तुमच्यापर्यंतही आला असेल. खाली एका गृहस्थांनी विचारले होते, याहून जास्त विष सोडलेला तांदूळ मिळेल का, थोडा महाग असला तरी चालेल. त्यांच्या प्रश्नाला हजारो लोकांनी पसंतीचे अंगठे दिले.

ग्राहकांची ही मागणी कंपनीने गांभीर्याने घेतली आहे. लाखांदूर तालुक्यात यंदा युरियाची पोती वेळेआधीच उतरली, नेहमीपेक्षा जास्त उतरली. तुम्ही तिथे अंगठा दिला असेल, तर त्यांतले एक पोते तुमच्या नावाचे समजावे.